वीस सेकंद

दार बंद झाल्याचा आवाज फारसा झाला नाही, तरी व्हर्ना गिलिसनं तो ऐकला. हातभर जाडीचं दार होतं ते. तिला टेबलावर निजवून, हात डोक्यावर घ्यायला लावून, छातीवर गोंदलेले ठिपके यंत्राच्या हिरव्या प्रकाशरेघांशी जुळवून यंत्र चालवणारी तंत्रज्ञ कोलेट लगबगीनं बाहेर गेली होती. आता खोलीत ती आणि ते यंत्र, दोघंच.

स्तनातली कर्करोगाची गाठ काढून दोन महिने झाले होते. उरलंसुरलं मारायला आता किरण. रोज थोडा थोडा मारा, सोळा दिवस, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चांगल्या पेशी मधल्या वेळात सावरतात, वाईट पेशींना ते तितकंसं जमत नाही. पण स्तन डावा, आणि त्याच्या मागंच हृदय. खोल श्वास घेऊन धरला की हृदय मागं सरतं, किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. वीस सेकंद धरायचा. यापुढचं व्हर्नाच्या कानांत शिरलंच नव्हतं. चाळीस वर्षं सिगारेट ओढलेल्या बाईनं वीस सेकंद श्वास धरायचा. आणि सुटला तर? हे तिनं कुणालाच विचारलं नव्हतं, बाहेर बसलेल्या बहिणीलासुद्धा नाही.

“श्वास घ्या,” भिंतीतल्या स्पीकरमधून कोलेटचा आवाज आला. “अजून थोडा. हं, धरा.”

यंत्र गुणगुणू लागलं. व्हर्ना मनात आकडे मोजत होती. अकराला घशात खवखवलं. तिनं दात आवळले. डोळ्यांतून पाणी आलं. तेराला खोकला फुटलाच.

गुणगुण थांबली. व्हर्ना लाकडासारखी पडून राहिली. भाजलं, तिला वाटलं. हृदय धडधडत होतं, पण भाजलेलं हृदयही थोडा वेळ धडधडत असेलच की.

कोलेट आत आली, तिनं पाण्याचा पेला पुढं केला. व्हर्नानं तो घेतला नाही.

“लागलं ना हृदयाला?”

“नाही लागलं.”

“खरं सांग, पोरी. मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस.”

कोलेटनं छताजवळचा कॅमेरा दाखवला. तो सारखा छातीवर नजर ठेवून असतो, छाती जराशी खाली आली की किरण त्याच क्षणी बंद होतात, असं तिनं सांगितलं. व्हर्नाला ते पटेना. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या किनाऱ्यावरच्या बर्फाळ रस्त्यांवर तिनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. स्वतःच्या पायाखालच्या ब्रेकखेरीज तिनं कशाचाच भरवसा धरला नव्हता.

“आणि नाही बंद झाले तर?”

कोलेटनं पेला पुन्हा तिच्यापुढं धरला. मग म्हणाली, “सात वर्षं मी तुमच्या बसमध्ये बसले. ब्रेक लागेल का, असं एकदाही विचारलं नाही. इथला ब्रेकही तुमच्याकडेच आहे. श्वास सोडलात की थांबलंच.”

व्हर्ना दोन घोट पाणी प्यायली. दार पुन्हा बंद झालं.

श्वास घेतला. गुणगुण सुरू झाली. या खेपेला घसा साफ होता, छातीत हवा होती, वीसपर्यंत सहज गेली असती. सातला तिनं मुद्दाम श्वास सोडून दिला.

गुणगुण तिथल्या तिथं तुटली.

 भिंतीतून कोलेटनं हळूच विचारलं, “पटलं?”

 त्यानंतर व्हर्नानं चार वेळा वीस सेकंद श्वास धरला.

बाहेर तिची बहीण हेझल दोघींचे कोट मांडीवर घेऊन बसली होती. दुखलं का, तिनं विचारलं. व्हर्नानं नाही म्हटलं. काहीच कळत नाही, चटका नाही, ऊबसुद्धा नाही.

“मग चांगलंच की,” हेझल म्हणाली.

व्हर्ना कोटाची बटणं लावत होती. 

“दुखलं असतं तर बरं होतं, हेझल. कुठं लागतंय ते तरी कळलं असतं.”