खारूबाईचं हसू

"ओठ हसतायत, पण डोळे हसत नाहीत," फोटोग्राफर वैतागला. मालिकेसाठी लहान मुलगी हवी होती आणि फोटो आजच पाठवायचे होते. हसून हसून सात वर्षांच्या शाल्मलीचे गाल दुखायला लागले होते.

तेवढ्यात बाबा फोटोग्राफरच्या कानाशी वाकले.

तो खुलला. "काय खारूबाई, गालात किती शेंगदाणे लपवलेत?"

तिला कळायच्या आत खुदकन हसू फुटलं. कॅमेरा खटाखट चालला. शेंगा फोडताना बाबांनी ठेवलेलं हे नाव दोघांचं गुपित होतं. आईलासुद्धा सांगायचं नाही, अशी गळाशप्पथ झाली होती. तिने बाबांकडे पाहिलं. ते फोटो बघण्यात दंग होते.

पुढे प्रत्येक ऑडिशनला बाबाच आधी सांगून टाकायचे, "खारूबाई म्हणा, लगेच हसते."

मालिकेत काम मिळालं त्या संध्याकाळी बाबा मूठभर शेंगदाणे घेऊन तिच्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "खारूबाई..."

शाल्मली ताठ बसली. हनुवटी उचलून अगदी डोळ्यांपर्यंत हसली.

"बाबा, आता डावीकडे वळून हसू?"