दाढेचा खड्डा

पारोळ्याच्या पुनानानांची दाढ डॉक्टर चेलनाने काढली, तेव्हा त्यांची बायको भिकुबाई पदर तोंडावर धरून खुर्चीला खेटून उभी होती.

आठवड्याने नाना पिंप्राळ्याच्या दवाखान्यात पुन्हा आले. चेलनाने एक्स-रे काढला. दाढेचा खड्डा हाडाने गच्च भरला होता.

"नाना, याला महिने लागतात. आधी रक्ताची गुठळी होते, मग पेशी हळूहळू हाड विणत जातात."

"ते हाड कोठून येस?"

"तुमच्याच शरीरातून."

नानांनी दाराकडे पाहिलं. आज भिकुबाई उंबऱ्याबाहेरच थांबली होती.

"आत या ना, अक्का."

"नही बाई." पदराआडून शब्द बोबडे, ओले आले. "मी आते त्यासना जवळ बसत नही."

पंख्याच्या वाऱ्याने पदर तोंडाला चिकटला. हनुवटी असायची तिथे कापड आत गेलं.

चेलनाने घाईने मान वळवली. नाना खुर्चीवर निवांत रेलले होते.

"आते दुसरीबी काढी टाका," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

सवयीने चेलना त्यांच्यावर वाकली. तिने दात आवळले, तशी तिची स्वतःची खालची दाढ हिरडीत रुतली, कापसात बोट रुतावं तशी.