चंद्रीचा रिपोर्ट

मानसीचं लग्न झालं ते करोना ओसरल्यानंतरचं दुसरं वर्ष. आंदण म्हणून लेकीला गाय द्यायची, हे मालनने आधीच ठरवलं होतं. गोठ्यात गाई दोनच, चंद्री आणि हरणी. त्यातली कुठली, एवढाच प्रश्न होता.

"कुठलीही द्या," मानसीचे सासरे विद्याधर म्हणाले. "पण रक्त तपासून. गोचीडतापाची गाय आमच्या दारात नको." भांडुपला डोंगराच्या अंगाला त्यांचा गोठा. त्यांच्या चार गाई दिवसभर रानाच्या कडेला चरायच्या.

मालाडच्या गोठ्यात डॉक्टर गंधाली आल्या. चंद्री कणकवलीहून आणलेली, गावठी, अंगाने बारीक. हरणी जर्सी. मोठ्या डेअरीत सिमेंटच्या फरशीवर वाढलेली, गोचीड तिने कधी पाहिलाच नव्हता. दोघींच्या मानेतून रक्त काढलं.

"ह्यात काय दिसता?" मालनच्या नवऱ्याने, लवूने विचारलं.

"अँटिबॉडी. रोग अंगात शिरला की त्याच्याशी झुंजायला शरीर त्या तयार करतं. रिपोर्ट आला की मला फोन करा, काय करायचं ते मी सांगते."

रिपोर्ट लग्नाच्या आदल्या दिवशी मोबाइलवर आला. मुलगा हर्षदने वाचून दाखवला. चंद्री पॉझिटिव्ह, हरणी निगेटिव्ह. डॉक्टरांना फोन कुणी केला नाही. पॉझिटिव्ह म्हणजे काय, ते करोनाने घराघरात शिकवलं होतं.

चंद्रीला लगेच गोठ्याच्या टोकाला वेगळं बांधलं. तिची बादली वेगळी, दावं वेगळं. हरणीच्या कपाळाला कुंकू लावून तिला लग्नानंतर दोन दिवसांनी टेम्पोत चढवली.

तेव्हापासून मालनला चैन पडेना. दिवसातून चारदा ती चंद्रीच्या कानाला हात लावून ताप बघायची. लघवी लाल होतेय का, म्हणून वाकून बसायची.

"अगो, ती रवंथ करता मा? मग?" लवू म्हणायचा. "तूच तिका आजारी पाडशीत."

"तुमचं काय जातंय. कणकवलीपासून टेम्पोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, मानसीचा रोजचा फोन आला.

"आई, चंद्री कशीय?"

"आज पेंड कमी खाल्ली. तुझी हरणी?"

"तिचं काय. तू चंद्रीकडे बघ ना."

"दूध किती देते?"

"देते गं. तू जेवलीस का? का अजून गोठ्यातच बसलीयस?"

शुक्रवारी मालनने हात टेकले. "डॉक्टरांना बोलवा. मरणार असेल तर तसं एकदा कळू दे मला."

शनिवारी डॉक्टर गंधाली आल्या. कोपऱ्यातल्या चंद्रीकडे बघून थांबल्या.

"हिला अशी वाळीत का टाकलीय?"

"पॉझिटिव्ह ना ती."

"अहो, हिला लहानपणीच रोग झाला आणि तिने तो पचवला. त्याचीच ती खूण. हिची काळजी नको." त्यांनी गोठाभर नजर फिरवली. "जपायचं ते दुसरीला. ती कुठंय?"

लवू म्हणाला, "भांडुपाक. लेकीच्या सासरी. थंय रानात चरता."

गंधालींनी बॅग उघडलीच नाही. "तिचं रक्त अगदी कोरं आहे. पहिला ताप सोसायचा नाही तिला. आत्ताच्या आत्ता फोन लावा, औषध घेऊन मीच जाते तिकडे."

मालनने फोन लावला. पलीकडे मानसीने या वेळी विषय बदलला नाही.

हरणी मंगळवारी सकाळी दहा वाजताच मेली होती.