बहरातल्या पेट्या

ट्रक बागेच्या फाटकातून आत आला आणि थोरल्या भावाचा जीव भांड्यात पडला. सफरचंदाची झाडं बहरून पांढरी झाली होती, पण त्यांच्याकडे एकही मधमाशी फिरकत नव्हती. गेल्या वर्षीचा पहिला बहर असाच गळून गेला होता. यंदा मधमाश्यांच्या पेट्या मी आणून लावते, असा शब्द त्याच्या धाकट्या भावाच्या विधवेने दिला होता. तिच्या भरवशावर त्याने दुसऱ्या मधपाळांना नको म्हणून सांगितलं होतं.

ती ट्रकमधून उतरली. गोणपाटात गुंडाळलेल्या पेट्या एकेका झाडाखाली ठेवत गेली.

थोरली जाऊ लांबूनच ओरडली, "अगं, तोंडावर जाळी तरी घाल. चावतील ना!"

"नाही चावायच्या, जाऊबाई."

थोरल्याने एका पेटीला कान लावला. "झोपल्यात की काय?" तो हसला आणि त्याने गोणपाट ओढलं. फळ्यांचा कोळसा झाला होता. आत वितळून काळं पडलेलं मेण आणि राख.

"ही काय थट्टा लावलीस?"

"ओळखल्या नाहीत, भावोजी? या बागेसाठी तुम्ही जंगल पेटवलंत, तेव्हा कडेला होत्या त्याच. ह्याच काढायला तुमचा भाऊ आत धावला होता."

"पुन्हा तेच! वारा फिरला, त्याला मी काय करू? पेट्या हलव म्हणून सांगितलं होतं मी त्याला."

"कधी?"

त्याने गोणपाट पुन्हा पेटीवर ओढलं. मग त्याचा आवाज उतरला. "झालं गेलं ते जाऊ दे. तुझ्या नव्या पेट्या आण. बहर काय, चार दिवस टिकतो. हात जोडतो तुला."

"त्या नदीपलीकडे आहेत. तिथे झाडं आहेत अजून." तिने हातांची काजळी पदराला पुसली. "जंगलातल्या माश्या न बोलावता यायच्या, भावोजी."

ती ट्रकमध्ये जाऊन बसली. थोरल्या जावेने घरातून रंगाचा ब्रश आणला, शिडी लावली आणि एका फुलातला पराग दुसऱ्या फुलाला लावू लागली. बाग टेकडी चढून पार पलीकडे उतरली होती. थोरला खाली शिडी धरून उभा होता.

ड्रायव्हरने ट्रक वळवला.

"सावकाश घ्या, दादा," ती म्हणाली. "मला नीट बघू द्या."