गुळवेलीला आमंत्रण

म्हाताऱ्याचं शरीर आतून गंजत चाललंय, असं डॉक्टर म्हणाले. गंज थांबवणारं अँटिऑक्सिडंट गुळवेलीत असतं, हे लेकीनं फोनवर सांगितलं. म्हणून भागाक्कानं संध्याकाळी कडुलिंबावरच्या वेलीला हळद-तांदूळ वाहून रीतसर आमंत्रण दिलं, "बाई, उद्या आमच्या ह्यांच्यासाठी ये."

सकाळी धुक्यात ती कोयता घेऊन गेली, तर खोटं वाटेल, पण वेल सरसर वरच्या फांदीवर चढली.

"गावात प्रत्येकीचे 'हे' आहेत," वेल म्हणाली. "नाव घे, तरच गुण येतो."

भागाक्कानं कोयता खाली घेतला. लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. पण घरी तो कालपासून पाणीसुद्धा घेत नव्हता. तिनं डोळे मिटले आणि रानभर ऐकू जाईल असं म्हणाली, "हैबतराव."

वेल हळूच उतरून तिच्या हातात आली.

घरी म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. "मघाशी मला कुणी हाक मारली गं?"

"वेलीनं मारली असेल," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली आणि कांड्या ठेचायला बसली.