पान चारची चौकट

“वहिनी, आज तरी छापा जी,” गोपीचंद म्हणाला आणि हातातला कागद त्याने टेबलावर ठेवला.

शकुनबाईंनी तो उचलला नाही. त्यातला मजकूर त्यांना पाठ होता. सात महिने, दर शुक्रवारी, आसगावचा हा गृहस्थ पवनीच्या त्यांच्या छापखान्यात तोच कागद घेऊन येत होता आणि तोच परत नेत होता.

“पाहिलं कोणी?” त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

“पुरात नाव उलटली, वहिनी. चौघांतले तिघे काठाले लागले. भाऊ नाही लागले. पोलिसांनी लिहून देलं.”

“पोलिसांनी पाहिलं?”

गोपीचंदने कागद पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

सारी पवनी त्यांना वहिनीच म्हणे. एकेचाळीस वर्षांपूर्वी ‘घाटावरून’ या साप्ताहिकाच्या प्रकाशक म्हणून सही करायला जिल्हा कचेरीत त्या उभ्या राहिल्या, तेव्हा कारकुनाने “मालक कुठं आहेत?” असे विचारले होते. “तुमच्यासमोर,” त्या म्हणाल्या होत्या. संपादकांनी बातमीसाठी गावोगाव फिरावे; अंक जुळवणे, छापणे, वाटणे हा शकुनबाईंचा प्रांत. छपाईचे शिशाचे खिळे गेले, संगणक आला, वर्गणीदार निम्म्यावर आले, तरी एकही शनिवार चुकला नव्हता. आताशा मात्र खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार लागे, आणि कपाळावरचे रुपयाएवढे कुंकू लावताना आरसा अगदी जवळ धरावा लागे.

एक नियम तेवढा ढळला नव्हता. दुसऱ्याच वर्षी त्यांनी इतवारी नावाच्या कोळ्याची निधनवार्ता ऐकीव माहितीवर छापली होती. तो अंक पाहून त्याच्या बायकोने, बायाबाईने, हातातल्या बांगड्या फोडल्या. नवव्या दिवशी इतवारी नदीकाठाने चालत घरी आला. त्याने हसून सोडून दिले. बायाबाई पुढे जन्मभर शकुनबाईंशी बोलली नाही. तेव्हापासून स्वतः त्या घरी जावे, चौकशी करावी, तिथले पाणी प्यावे, आणि मगच मरण छापावे, असा रिवाज पडला. ‘घाटावरून’मध्ये आले नाही, तोवर माणूस गेला असे तालुक्यात कोणी धरीत नसे.

“बाई, पान चार बंद करू?” संगणकावर बसलेल्या ज्योत्सनाने विचारले. “निधनाची चौकट रिकामीच आहे. राइस मिलची जाहिरात टाकू का?”

“थांब.”

गोपीचंदने खुर्ची पुढे ओढली. “आमच्या डिंपलचं लग्न जुळलं, वहिनी. घरातलं मरण असं लटकलं असतानी मांडव कसा टाकू? सोयरे म्हणतात, वहिनी छापतील तवाच तेरवीले येऊ.”

“इतवारी परत आला होता, गोपीचंद.”

“नवव्या दिवशी आला जी तो. आता सात महिने झाले.” त्याचा आवाज खाली आला. “अन् त्या घरी आजही दोन ताटं वाढून राहिले. कोणासाठी? तुमचाच नेम आहे ना, घर पाहिल्याबिगर छापत नाही म्हणून? मंग एकडाव पाहून या ना. आजलोक काहून नाही गेल्या?”

ज्योत्सनाची बोटे थांबली. या छापखान्यात वहिनींना असे कोणी विचारीत नसे.

शकुनबाई टेबलाचा आधार घेऊन उठल्या. नेहमीची वही घेतली, पदर सावरला आणि पुढच्या पायऱ्या उतरून त्या एकट्याच निघाल्या.

घर दूर नव्हते. दाराला नुसती कडी होती. आत खुंटीवर पुरुषाचा सदरा टांगलेला, धुतलेला, इस्त्री केलेला, खिशाला पेन. दाराशी वहाणांचा जोड, त्यावर धूळ बसू दिलेली नव्हती. स्वयंपाकघरात दोन ताटे. एकातला भात कोणी चिवडलेला, दुसऱ्यातला तसाच, वाळून कडक झालेला.

चौकशी करायला घरात कोणी नव्हते. शकुनबाईंनी वही उघडली, तारीख लिहिली. पुढे काही लिहिण्याजोगे सापडेना. वाळलेल्या भाताचे ताट त्यांनी उचलले, मोरीत नेले आणि स्वच्छ घासून पालथे घातले. मग माठातले पाणी स्वतःच्या हाताने घेतले आणि रिवाजाप्रमाणे उभ्यानेच प्याल्या.

त्या छापखान्यात परतल्या तेव्हा गोपीचंद उठून उभा राहिला. ज्योत्सनाने मान वर केली आणि लगेच नजर वळवली. शकुनबाईंचे कपाळ कोरे होते.

“चौकट लाव,” खुर्चीत बसत त्या म्हणाल्या. “आणि ज्योत्सना, पानाच्या तळाशी संपादक म्हणून ह्यांचं नाव जातं ना, ते या अंकापासून काढ.”