वाळ्याचं अत्तर

सुनंदाच्या दोन्ही हातांवर चार अत्तरं लावून झाली होती. पाचव्याला जागा उरेना, तेव्हा तिनं धाकट्या जावेचा, वृंदाचा हात पुढे ओढला. "हिला लावा," ती अत्तरवाल्याला म्हणाली.

वाळ्याचं अत्तर होतं. बाटलीत नुसतं मातकट वाटलेलं, ते वृंदाच्या मनगटावर असं उमललं की सुनंदा हुंगतच राहिली. "अगं, हेच! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेच लावू सगळ्यांना."

वृंदा हसली. मग हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी आत तिळगुळाचं बघेन."

धाकटा दीर गेल्यावरच्या पहिल्या हळदीकुंकवाला अत्तरदाणी सुनंदाच्याच हातात होती. वृंदाचा पुढे आलेला हात ओलांडून ती पलीकडच्या बाईकडे वळली होती.

"हेच देऊ ना?" अत्तरवाल्यानं विचारलं.

सुनंदाला मान वर करवेना. वृंदाचं मनगट अजून तिच्याच हातात घमघमत होतं.